स्फोट सामाईक, ठिणग्या ज्याच्या त्याच्या

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्यावरची चर्चा साहजिकच पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवरील बंदीभोवती फिरत राहिली. त्याच कायद्याची दुसरी बाजू त्या मानाने दुर्लक्षित राहिली. ‘ई-स्पोर्ट्स’ना त्याने स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आणि व्याख्या करताना एक अट घातली : निकाल चपळाई, बौद्धिक तल्लखी, डावपेच अशा कौशल्यांवरच ठरला पाहिजे. २०२३ मध्ये हांगझो येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळांना पदके दिली गेलीच होती. म्हणजे विषय आता पोरखेळाचा उरलेला नाही.

ही अट वाचताना माझ्या मनात एक भौतिकशास्त्री शंका आली. नेमबाजीच्या एखाद्या खेळात मी स्मोक ग्रेनेड फेकला. धुराच्या अलीकडे मी आहे आणि पलीकडे माझा प्रतिस्पर्धी आहे. तो बसला आहे दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संगणकासमोर. आम्ही दोघे एकच धूर पाहत आहोत काय? माझ्या पडद्यावर धुराचा एखादा पुंजका जिथे दाट आहे तिथेच तो त्याच्या पडद्यावर विरळ असेल, तर त्याला मी दिसेन आणि मला तो दिसणार नाही. मग त्या नेमाचे श्रेय कौशल्याला द्यायचे की धुराला?

या शंकेचे उत्तर बराच काळ ‘नाही, एकच धूर पाहत नाही’ असे होते. ती कुणाची चूक नव्हती, तो समजून उमजून घेतलेला निर्णय होता. तो का घ्यावा लागला याचा इतिहास साठ वर्षांचा आहे. यादृच्छिकता, गुरुत्वाकर्षण आणि दूरध्वनीच्या तारेची क्षमता या तिन्हींचा त्यात हात आहे.

आधी शब्दांचा खुलासा. आग, धूर, ठिणग्या, धुरळा, पाऊस, रक्ताचे शिंतोडे यांना ठाम पृष्ठभाग नसतो, त्यामुळे पेटी किंवा भिंत जशी रेषा-पृष्ठांनी काढता येते तशा त्या काढता येत नाहीत. त्याऐवजी शेकडो-हजारो ठिपके सोडले जातात. प्रत्येकाला जागा, वेग, रंग आणि आयुर्मर्यादा असते. आयुष्य संपले की ठिपका पुसला जातो. खेळ घडवणारे याला ‘पार्टिकल इफेक्ट’ म्हणतात. मी पुढे त्यांना नुसते ‘कण’ म्हणेन. किती कण, कुठून, कोणत्या दिशेने आणि कोणत्या रंगाचे सोडायचे हे सांगणाऱ्या चार-दोन ओळी म्हणजे त्या कणांची स्क्रिप्ट.

पहिला मुक्काम १९६२, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तेथे नव्याने आलेल्या पीडीपी-१ या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. दोन याने, दोन खेळाडू, मध्यभागी एक तारा. ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्‌स याने घातले आणि पार्श्वभूमीवरचे खरेखुरे तारांगण पीटर सॅम्सन याने. यंत्राची ताकद सेकंदाला सुमारे एक लाख बेरजा एवढी होती. दोन यानांवरचे गुरुत्वबल काढतानाच ती संपत आली, म्हणून टॉर्पेडोंना गुरुत्वाकर्षणातून सरळ माफी देण्यात आली आणि ते ‘फोटॉन टॉर्पेडो’ असल्याने त्यांच्यावर परिणाम होत नाही, असे त्याचे समर्थन झाले. आइनस्टाइनला हे पटले नसते, पण खेळाला पटले. यान फुटले की त्याच्या जागी ठिपक्यांचा एक विस्कळीत पुंजका क्षणभर चमकून विझे. यादृच्छिक संख्यांनी विखुरलेले ते ठिपके म्हणजे आजच्या कणांचे पूर्वज.

खेळ दोघांचा होता, पण पडदा एकच होता. दोघे खांद्याला खांदा लावून एकाच गोल काचेकडे पाहत असत. स्फोट कसाही विखुरला तरी तो दोघांना सारखाच दिसे. म्हणून आपली शंका तेव्हा उद्‌भवलीच नाही.

कणांना शास्त्र मिळाले ते वीस वर्षांनी, आणि तेही चित्रपटातून. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’मध्ये एका निर्जीव ग्रहावर अस्त्र आदळते आणि आगीची भिंत सगळ्या ग्रहाला वेढत जाते, असे दृश्य आहे. लुकासफिल्मच्या संगणक विभागात ते तयार झाले आणि त्यातली आग विल्यम रीव्ह्ज यांची होती. पुढच्या वर्षी त्यांनी आपली पद्धत एका शोधनिबंधात मांडली. धूसर, कडा नसलेल्या वस्तूंचे प्रतिरूप कसे करावे हा त्याचा विषय.

हा निबंध मी पीएच.डी.च्या काळात वाचला आणि त्यातला साधेपणा पाहून चकित झालो. रीव्ह्ज यांचे कण एकमेकांना ओळखतच नाहीत. त्यांच्यात टक्कर नाही, दाब नाही, उष्णतेची देवाणघेवाण नाही. आदर्श वायूचे रेणू निदान टकरांतून ऊर्जा वाटून घेतात. येथे तेवढेही नाही. प्रत्येक कण आपापल्या जन्मवेगाने निघतो, गुरुत्वाने वाकत परवलयाकार मार्गाने जातो, रंग बदलतो आणि मरतो. एका चौकटीत किती कण जन्मावेत याचे सूत्र शाळकरी आहे : सरासरी संख्या, अधिक विचलन गुणिले उणे एक ते अधिक एक यांमधली एक यादृच्छिक संख्या. वेग, आकार, रंग, आयुष्य यांनाही हाच नियम. प्रत्येक कण हा प्रकाशाचा बिंदू मानायचा आणि एकावर एक पडलेल्यांच्या प्रकाशाची नुसती बेरीज करायची. कोण पुढे, कोण मागे ही कटकटच राहत नाही. वेगवान कण ठिपका म्हणून न काढता छोटी रेघ म्हणून काढायचा, की कॅमेऱ्याने टिपल्यासारखा तो पुसट दिसतो.

आगीच्या भिंतीसाठी त्यांनी याच्यावर आणखी एक मजला चढवला. आघातबिंदूवर एक मूळ प्रणाली होती आणि तिचे ‘कण’ म्हणजेच नव्या कणप्रणाली होत्या. आघातबिंदूभोवती पसरत जाणाऱ्या वर्तुळांवर त्या पेटत जात. सर्वांत दाट चित्रात अशा सुमारे ४०० प्रणाली आणि सुमारे साडेसात लाख कण होते. एवढा वणवा मूठभर आकड्यांतून उभा राहिला. थोडे सांगून पुष्कळ मिळवण्याच्या या गुणाला त्यांचे सहकारी अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी पुढे ‘डेटाबेस अ‍ॅम्प्लिफिकेशन’ असे नाव दिले. हे नाव लक्षात ठेवावे; पुढे आठ बाइटांच्या गोष्टीत ते परत भेटेल.

मात्र चित्रपटात यादृच्छिकता एकदाच घडते. फासे पडले, चौकट छापली गेली, की जगभरच्या चित्रगृहांत तीच आग. प्रेक्षक किती का असेनात, पडदा तात्त्विकदृष्ट्या एकच.

पडदे खऱ्या अर्थाने वेगळे झाले ते १९९३ च्या डिसेंबरात. ‘आयडी सॉफ्टवेअर’चा ‘डूम’ आला आणि चार संगणक तारेने जोडून चार जण एकाच भुयारात एकमेकांची शिकार करू लागले. या खेळाचा सांकेतिक मजकूर १९९७ मध्ये खुला झाला. तो आजही विद्यार्थ्यांनी वाचावा असा आहे.

चारही यंत्रांनी एकच जग दाखवायचे, पण जगाचे वर्णन तारेवरून पाठवायला वेळ नाही. ‘डूम’ने तोड काढली ती अशी, की वर्णन पाठवायचेच नाही. सेकंदाला ३५ वेळा प्रत्येक यंत्र फक्त आपल्या खेळाडूने काय केले तेवढेच कळवते : पुढे गेला, वळला, गोळी झाडली. हा निरोप जेमतेम आठ बाइटांचा. बाकी सारे जग प्रत्येक यंत्राने आपले आपण मोजायचे. सुरुवात समान, नियम समान, निरोप समान, तर निष्पत्तीही समान. लाप्लासचा नियतिवाद इतक्या रोखठोक स्वरूपात मला पाठ्यपुस्तकातही भेटला नव्हता.

पण मग यादृच्छिकतेचे काय करायचे? नेम किती चुकला, जखम किती झाली हे ठरवायला फासे हवेतच. ‘डूम’चे फासे म्हणजे २५६ संख्यांचा एक ठरलेला तक्ता : ०, ८, १०९, २२०, २२२, २४१… अशी त्याची सुरुवात. प्रत्येक वेळी पुढची संख्या घ्यायची आणि शेवट आला की परत पहिल्यापासून. चारही यंत्रांत तक्ता तोच आणि बोट त्याच घरावर, त्यामुळे चौघांचे फासे नेहमी सारखेच पडतात.

आता खरी खुबी. तक्ता एक असला तरी त्यावर फिरणारी बोटे दोन आहेत. पहिले बोट खेळाच्या जगासाठी आहे आणि ते सर्व यंत्रांत एकाच जागी असलेच पाहिजे. दुसरे बोट शोभेसाठी : पडद्याच्या तळाशी दिसणारा खेळाडूचा चेहरा कुठे वळावा, एक दृश्य वितळून दुसरे कसे यावे. ते ज्याचे त्याचे. सामाईक काय आणि खासगी काय याची ही लक्ष्मणरेषा बहुखेळाडू खेळांच्या इतिहासात इतक्या स्वच्छपणे क्वचितच आखलेली सापडते.

आणि गोळी भिंतीवर आपटल्यावर उडणारा धुरळा, रक्ताचा शिंतोडा हे रेषेच्या कोणत्या बाजूला? ‘डूम’ने त्यांना पहिल्या बोटाच्या स्वाधीन केले. धुरळ्याचा पुंजका किती उंचीवर दिसावा यासाठी त्याच तक्त्यातून संख्या खर्च होतात, ज्यातून पिस्तुलाच्या गोळीची इजा ५, १० की १५ हे ठरते. परिणाम विलक्षण आहे. एखाद्या संथ यंत्राने कष्ट वाचवण्यासाठी धुरळ्याचा एक पुंजका गाळला असता, तर त्याचे बोट काही घरे मागे राहिले असते, पुढच्या गोळीची इजा बदलली असती आणि त्या यंत्रावर मेलेला माणूस बाकीच्या तिघांवर जिवंत राहिला असता. म्हणून त्या आठ बाइटांतले दोन केवळ पडताळणीसाठी राखलेले आहेत. जगे वेगळी झाल्याचे कळताच खेळ चूक दाखवून थांबतो. शोभेचा कण आणि खेळाडूचा जीव एकाच दोऱ्यात ओवलेले होते.

जाता जाता एक कबुली. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी सोळा संगणकांवर एकच माँटे कार्लो गणित चालवले आणि सोळांनाही नकळत एकच बीज दिले. सकाळी उत्तरे आली, तर त्यांत विचलन शून्य! अर्धा दिवस मी आनंदात होतो. सोळा स्वतंत्र प्रयोग केल्याच्या समजुतीत मी एकच प्रयोग सोळा वेळा केला होता. ‘डूम’ला जे जिवापाड जपावे लागत होते, तेच माझ्या कामाचा सत्यानाश करून गेले. यादृच्छिक संख्या सामाईक असावी की नसावी हे ती कशासाठी वापरायची आहे त्यावर ठरते, हे मला त्या दिवशी कळले.

चौघांच्या तारेवर चालणारी ही शिस्त इंटरनेटवर चालेना. एकाचा निरोप उशिरा आला की सगळ्यांना थांबावे लागते, आणि दूरध्वनीच्या तारेवर उशीर हाच नियम असतो. १९९६ च्या जूनमध्ये आलेल्या ‘क्वेक’ने रचनाच पालटली. आता खरे जग एकाच ठिकाणी, सर्व्हरवर. खेळाडूंची यंत्रे त्या जगाची फक्त खिडकी. जगाचे नियम ‘क्वेकसी’ नावाच्या छोट्या भाषेत लिहिले होते आणि ती भाषा खेळाडूंसाठी खुली होती. बहुखेळाडू खेळात कणांची स्क्रिप्ट सामान्य वापरकर्त्याच्या हाती आली ती इथे. ऑस्ट्रेलियातल्या तिघा तरुणांनी त्याच वर्षी या भाषेत ‘टीम फोर्ट्रेस’ रचला.

‘क्वेकसी’मध्ये कण सोडण्याची आज्ञा एका ओळीची आहे. तिला चार गोष्टी लागतात : जागा, दिशा, रंग आणि संख्या. रक्ताची ओळ घ्या. जागा जखमेची, रंग २५६ रंगांच्या तक्त्यातला ७३ क्रमांकाचा तांबडा, आणि संख्या झालेल्या इजेच्या दुप्पट. सर्व्हर ही ओळ चालवतो, पण एकही कण स्वतः तयार करत नाही. तो प्रत्येक खेळाडूला १२ बाइटांचा निरोप धाडतो : आज्ञेचा क्रमांक १, जागेचे ६, दिशेचे ३, संख्येचा १, रंगाचा १. पुढचे काम त्या त्या यंत्राचे. ते आपले स्वतःचे फासे टाकते, प्रत्येक कण जागेच्या आसपास थोडा इकडेतिकडे हलवते, तांबड्याच्या आठ छटांतली एक उचलते आणि ०, ०.१, ०.२, ०.३ किंवा ०.४ सेकंदाचे आयुष्य त्याच्या पदरी घालते. कुणाच्याही फाशांचा दुसऱ्याशी संबंध नाही.

रॉकेटच्या स्फोटाची काटकसर याहून जास्त आहे. त्याला फक्त ८ बाइट लागतात : ‘घटना आहे’, ‘स्फोटाची आहे’, ‘येथे आहे’. त्यावर प्रत्येक यंत्र १०२४ कण उधळते. हेच कण सर्व्हरने पाठवायचे ठरवले असते तर? प्रत्येकाच्या केवळ जागेसाठी ६ बाइट, म्हणजे एकूण ६१४४. त्या काळच्या २८.८ किलोबिटच्या मोडेममधून सेकंदाला फार तर ३६०० बाइट जात. एका स्फोटाचा एक क्षणचित्र-नमुना पोहोचायला १.७ सेकंद, आणि तोवर ज्याच्यावर रॉकेट पडले तो पुन्हा जन्म घेऊन पळत सुटलेला असता. आठ बाइट मात्र दोन-अडीच मिलिसेकंदांत पोहोचत. रीव्ह्ज यांच्या वणव्यातली युक्ती इथे तारेवर आली, पण तिचे मोल बदलले. तिथे तिने चित्रकाराचे श्रम वाचवले होते. इथे स्फोट सर्वांचा राहिला आणि ठिणग्या मात्र ज्याच्या त्याच्या झाल्या.

‘क्वेक’चा मजकूर १९९९ मध्ये खुला झाला तेव्हा त्यातले कणांचे भौतिकशास्त्र उघड्यावर आले. कणांना लागू होणारे गुरुत्वाकर्षण खेळाडूला लागू होणाऱ्याच्या एक विसांश! आगीच्या कणांना तर ते उलटे, वरच्या दिशेने. स्फोटाचे कण दोन जातींचे : निम्म्यांचा वेग काळानुसार मंदावतो, हे ठीक, पण उरलेल्या निम्म्यांचा वेग चक्क वाढत जातो, जितका अधिक वेग तितके अधिक त्वरण. हे वाचून माझ्यातला परीक्षक प्रथम खवळला. मग मी कागद घेऊन विचार केला. हवेतली बारीक ठिणगी मुक्तपणे खाली पडत नाही, हवेचा विरोध तिला तरंगवतो. तो विरोध नीट मोजण्यापेक्षा गुरुत्वच विसाने भागले, तर डोळ्याला जवळपास तेच दिसते. ज्वाळा वर जातात त्या उद्धरणामुळे. तेही उलट्या चिन्हाने साधले. पळत सुटणाऱ्या कणांचे समर्थन मला आजही करता येत नाही, पण ते दिसायला फार छान दिसतात.

आणखी एक बारकावा. एका यंत्रावर एका वेळी जास्तीत जास्त २०४८ कण, ही मूळ मर्यादा होती. म्हणजे दोन स्फोटांची बेगमी. तिसरे रॉकेट त्याच सुमारास फुटले तर त्याला कण मिळतच नसत : आवाज होई, प्रकाश पडे, इजाही पुरेपूर होई, पण ठिणगी एकही नाही. ज्याने खेळ सुरू करताना ही मर्यादा वाढवून घेतली असेल, त्याला शेजारी तिसरा स्फोटही पूर्ण दिसे. ‘डूम’मध्ये कण गाळणे म्हणजे जग फाटणे होते. ‘क्वेक’मध्ये कण गाळल्याने कुणाचेच काही बिघडत नव्हते. स्वातंत्र्य मिळाले ते असे.

पुढची काही वर्षे संख्येच्या शर्यतीची आहेत. कणांचे गणित मुख्य प्रक्रियकाकडून चित्र-प्रक्रियकाकडे गेले, २००४ मध्ये खेळनिर्मात्यांच्या परिषदेत लुट्‌झ लाटा यांनी दहा लाख कणांची प्रणाली कशी बांधावी ते मांडले, आणि स्क्रिप्टच्या ओळींची जागा सरकपट्ट्यांच्या संपादकांनी घेतली. रचना मात्र तीच राहिली. ‘माइनक्राफ्ट’मध्ये २०१४ पासून कण सोडण्याची जी आज्ञा आहे, तिच्यात कणाचे नाव, जागा, तिन्ही दिशांचा पसारा, वेग आणि संख्या द्यावी लागते. सर्व्हर एवढेच पाठवतो आणि विखुरण्याचे फासे खेळाडूचे यंत्र टाकते. शाळकरी मुले ही आज्ञा सहज लिहितात. त्यांनी एकदा दोन संगणक शेजारी ठेवून तीच आज्ञा दोन्ही पडद्यांवर पाहावी आणि एकेक कण जुळवण्याचा प्रयत्न करावा. यादृच्छिक वितरण म्हणजे काय, हे त्या पाच मिनिटांत फळ्यापेक्षा अधिक कळेल : ढगाचा आकार सारखा, कण एकही सारखा नाही.

ठिणग्या आणि रक्त यांबाबत हा तह उत्तम चालला, कारण ती खेळाची आभूषणे होती. धूर आभूषण नव्हता. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळांत धूर ही भिंत आहे, तिच्याआडून पळायचे असते. पण ती भिंत त्याच सामग्रीची, म्हणजे खेळाडूच्या यंत्राने आपल्या मर्जीने विखुरलेल्या पुंजक्यांची. एकाच्या पडद्यावर दोन पुंजक्यांमध्ये फट राहते, दुसऱ्याच्या राहत नाही. शिवाय चित्रांचा दर्जा कमी ठेवला की धूरही विरळ होतो, असे खेळ होऊन गेले. मग स्वस्त दिसणारे चित्र हे गरिबाचे लक्षण न राहता चतुराचे हत्यार झाले. जी गोष्ट सामाईक घटना असायला हवी होती, ती इतिहासाच्या ओघात खासगी शोभेच्या बाजूला जाऊन पडली होती.

मग धूर सामाईक का करत नाहीत? ‘डूम’प्रमाणे सर्वांना एकच बीज द्यावे म्हणजे झाले, असे वाटेल. इथे दोन अडचणी येतात. पहिली अशी, की खरा धूर स्वतंत्र कणांचा नसतो. तो भिंतीला अडतो, दारातून वाहतो, वळसे घेतो. त्याला प्रवाहगतिकी लागते. जोस स्टॅम यांनी १९९९ मध्ये प्रवाहाची समीकरणे केव्हाही न बिघडणाऱ्या रीतीने सोडवण्याची पद्धत दिली आणि २००३ मध्ये ती खेळांसाठी सोपी करून मांडली, पण तिचे गणित जड. दुसरी अडचण सूक्ष्म आणि मला अधिक जवळची. ‘डूम’चे सारे गणित पूर्णांकी पद्धतीचे होते, त्यामुळे कोणत्याही यंत्रात उत्तर हुबेहूब तेच. आजची यंत्रे तरत्या दशांशचिन्हाने मोजतात आणि तिथे बेरजेचा क्रम बदलला की बेरीज बदलते. ३२ बिटांच्या अशा अंकगणितात १६७७७२१६ मध्ये १ मिळवा, उत्तर १६७७७२१६ च राहते. पुन्हा १ मिळवा, तरीही तेच. पण आधी १ आणि १ यांची बेरीज करून मग ती मिळवा, उत्तर १६७७७२१८ येते. चित्र-प्रक्रियकातले हजारो धागे कोणत्या क्रमाने बेरीज करतील याचा नेम नसतो. धुराच्या वळशांत असा शेवटच्या अंकाचा फरक वाढत जातो, आणि एकाच बीजातून निघालेले दोन धूर थोड्याच वेळात दोन वाटांना लागतात. हवामानाच्या अंदाजाला भेडसावणारे हेच दुखणे.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक २’ने धूर रेषेच्या पलीकडे नेला. तो आता खोलीच्या आकाराप्रमाणे भरणारा त्रिमितीय घन आहे. गोळी गेली की त्याला क्षणभर भोक पडते, स्फोट झाला की तो बाजूला सरतो, आणि कुठे धूर आहे व कुठे नाही हे सर्व खेळाडूंना सारखेच दिसते. त्याच्या पृष्ठभागावरचे बारीक तरंग अजून ज्याच्या त्याच्या यंत्राचे असले तरी बिघडत नाही. भिंत कुठवर आहे याबद्दल आता एकमत आहे. १९६२ मध्ये जे एका काचेमुळे फुकट मिळाले होते, ते परत मिळवायला एकसष्ट वर्षे लागली.

पण स्पर्धेसाठी वापरले जाणारे सगळेच खेळ या वाटेने गेलेले नाहीत. आपल्याकडे हजारो विद्यार्थी भ्रमणध्वनीवर जे नेमबाजीचे खेळ खेळतात, त्यांत दोन हजारांच्या घरातला फोन आणि लाखाचा फोन एकाच सामन्यात उतरत नसले, तरी दहा हजारांचा आणि लाखाचा उतरतात. किती कण काढायचे हे फोनच्या कुवतीवर आणि निवडलेल्या दर्जावर ठरणे हे तेथे अजून नेहमीचे आहे. क्रिकेटमध्ये दोन्ही संघांना सारख्याच प्रतीचा चेंडू मिळावा यासाठी नियम आहेत. या खेळांच्या नियमावल्या लिहिणाऱ्यांनी उपकरणांबरोबर हेही विचारले पाहिजे, की कोणता कण खेळाचा भाग आहे आणि कोणता शोभेचा. दोन बोटांचा तो जुना तक्ता त्यांनी एकदा पाहावा.

वाद झालाच, तर तिसऱ्या पंचाकडे जाता येईल का? क्रिकेटमध्ये कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य असते. या खेळांचे मुद्रण मात्र बहुधा दृश्याचे नसते, सर्व्हरने धाडलेल्या निरोपांचे असते. पाहताना दृश्य नव्याने घडवले जाते. ‘क्वेक’च्या काळातल्या सामन्यांच्या अशा फायली लोकांनी जपून ठेवल्या आहेत आणि त्या आजही चालतात. फाइल लावली की रॉकेट त्याच कोपऱ्यावर आदळते, तोच खेळाडू त्याच क्षणी कोसळतो, इजेच्या दुप्पट कण बिनचूक उडतात. फाइल पुन्हा लावा. रॉकेट तेच, कोपरा तोच, मरणारा तोच. उडणारे १०२४ कण मात्र वेगळ्याच जागी पडतात. तीस वर्षांपूर्वी त्या खेळाडूच्या डोळ्यांसमोर नेमके काय होते, ते त्या फाइलीत लिहिलेले नाही.